केसांची साक्ष

माणूस प्रश्नाला उत्तर देतो ते विचारणाऱ्याचं तोंड बघून, ही गोष्ट सोनकली बेठेकरला आठव्या वर्षीच कळली होती. सातपुड्याच्या उतारावरचं रुईखेडा हे तिचं गाव, साठ घरांचं, सगळी वस्ती कोरकूंची. एकदा तिथे सर्वेक्षणाला एक साहेब आले. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी सोनकलीच्या आईला विचारलं, दिवसातून किती वेळा जेवता? आईने पदर सारखा केला आणि सांगितलं, तीन वेळा. साहेबांनी तीन लिहून घेतलं. त्या दिवशी घरात चूल पेटलेली नव्हती. साहेब गेल्यावर सोनकलीने विचारलं तेव्हा आई म्हणाली, दारी आलेल्या माणसाला काय आम्ही उपाशी आहोत म्हणून सांगायचं?

आश्रमशाळा, अमरावतीचं वसतिगृह, मग पुण्यात जैवरसायनशास्त्राची डॉक्टरेट असा लांबचा फेरा करून सोनकली पुन्हा त्या खाटेपाशी आली ती पंचवीस वर्षांनी. तिला असं माप हवं होतं, ज्याला लाज वाटत नाही आणि जे समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. ते तिला केसात सापडलं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना त्या काळात रक्तात जे फिरत असतं त्याचा थोडा अंश त्याच्या गाभ्यात अडकून राहतो. माणूस घाबरला, उपाशी राहिला, तापाने फणफणला, की त्याच्या शरीरातल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडतात. ते शरीराला सावध करतं. संकटाच्या दिवसांत उगवलेल्या केसात ते जास्त सापडतं, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. सोनकलीने बनवलेलं यंत्र लेसरच्या टोकाने केसाचे बारीक बारीक भाग वाचायचं आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांचा आठवड्या-आठवड्याचा आलेख काढून द्यायचं. वितभर केसात एका बाईची सगळी उपासमार, सगळी आजारपणं आणि सगळी भीती ओळीने मांडलेली असायची.

पहिल्याच वर्षी डोंगरातल्या बावीस गावांचे आलेख एकावर एक ठेवले तेव्हा ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत सगळ्या रेघा एकदम वर चढलेल्या दिसल्या. घरातलं कुटकीचं धान्य संपतं आणि नवं पीक दूर असतं, ते हे दिवस. शासनाने नव्याने स्थापलेल्या आदिवासी कल्याणमापन मंडळाने तो निबंध वाचला आणि धान्यवाटपाचं वेळापत्रक बदललं. या तीन महिन्यांत दुप्पट धान्य आणि प्रत्येक गावात एक परिचारिका. तीन वर्षांत पावसाळ्यातले बालमृत्यू निम्म्यावर आले. मंडळाच्या संचालक डॉ. हेमांगी देशमाने यांनी सोनकलीला प्रयोगशाळेची प्रमुख केलं. त्या तिच्या पुण्यातल्या मार्गदर्शक. तिच्या कामावर त्यांचा तिच्याहून जास्त विश्वास होता.

त्या निबंधात सोनकलीने एक वाक्य लिहिलं होतं: 'आपल्या हालअपेष्टांविषयी लोक तोंडी जे सांगतात ते पुरावा म्हणून विश्वासार्ह नाही.' लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर आई होती.

हळूहळू मंडळाने केसांच्या मापावरून प्रत्येक गावाचा एक आकडा काढायला सुरुवात केली. त्याला सुखांक म्हणत. रेघ जितकी खाली तितका सुखांक वर. नकाशावर दुःखी गावं लाल, सुखी गावं हिरवी. कुठे परिचारिका नेमायची, कुठे धान्य वाढवायचं, हे आता कुणा साहेबाच्या मर्जीवर नव्हतं. दर वर्षी माघात केस गोळा होत, चैत्रात आकडा येई आणि त्यावरून आदेश आपोआप निघत. सोनकलीला याचा अभिमान वाटे.

आणि मग एके वर्षी नकाशावरचं सगळ्यात हिरवं गाव ठरलं नवं जामुनझिरा.

जामुनझिरा सात वर्षांपूर्वी वाघांसाठी जंगलातून उठवून खाली सपाटीवर, डांबरी रस्त्याकडेला वसवलं होतं. पहिली दोन वर्षं तिथल्या केसांतल्या रेघा भयंकर उंच होत्या. मग त्या उतरू लागल्या, आणि आता जिल्ह्यात इतक्या खालच्या रेघा कुठेच नव्हत्या. उठवलेल्या आणखी तीन गावांचीही तीच गत. मंडळाने निष्कर्ष काढला की माणसं दोन वर्षं रडतात आणि मग सुखी होतात. फाल्गुनात नव्या धोरणाचा मसुदा आला. जंगलातली चौतीस गावं खाली आणायची होती. ग्रामसभेने नकार दिला तर काय, यासाठी एक कलम होतं. ज्या गावाचा सुखांक पुनर्वसित गावांपेक्षा चाळीस गुणांनी कमी असेल, तिथला नकार अपुऱ्या माहितीवर आधारलेला समजावा. कलमाला आधार म्हणून तळटीप जोडली होती. तळटिपेत सोनकलीचं ते वाक्य होतं, तिच्या नावासकट.

यादीत अकराव्या क्रमांकावर रुईखेडा होतं.

सोनकलीची थोरली बहीण रामकली जामुनझिऱ्यात दिलेली होती. गाव खाली आल्यापासून सोनकली तिच्याकडे दोनदाच गेली होती, आणि शेवटचं जाऊन चार वर्षं झाली होती. आता ती गेली ती बर्फाची पेटी, नळ्या आणि दोन सहकारी घेऊन, त्या खालच्या रेघांची खातरजमा करायला. वाटेत तिला वाटत होतं की रामकली रागावेल, आत्ता आठवण झाली का म्हणेल.

रामकली दारात बसली होती. तिने वर पाहिलं आणि आलीस का म्हणाली, जशी काही सोनकली सकाळीच कुठे तरी जाऊन परत आली होती.

वसाहत नीटनेटकी होती. प्रत्येक घराला नळ, शाळेला रंग, कोपऱ्यावर दवाखाना. दुपारी समोरच्या रस्त्यावर एका ट्रकने करकचून ब्रेक लावला. सोनकलीचे दोन्ही सहकारी दचकून उठले, पण ओट्यावर बसलेल्या माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही. पलीकडे एक पोर डांबरावर आपटून रडू लागलं. त्याची आई त्याच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ती उठली.

सोनकलीने बहिणीला विचारलं, सासऱ्यांचा मुंडा उभारला का? कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाचं नाव सागाच्या खांबावर कोरून तो गावच्या मुंड्यांच्या ओळीत रोवतात; त्याशिवाय मेलेल्याला जागा मिळत नाही. रामकलीचे सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. रामकली म्हणाली, राहिलं. साग नव्हता का? होता, मागितला तर मिळाला असता. मग? रामकलीने खांदे उडवले.

"इथं काही त्रास आहे का तुला?" सोनकलीने विचारलं.

"त्रास नाही," रामकली म्हणाली. "इथं काहीच नाही, सोना."

दुसऱ्या दिवसापासून सोनकलीने साठ माणसं तपासली. निरोगी माणसाच्या शरीरात कॉर्टिसोल सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासात झपाट्याने वाढतं. दिवसाला सामोरं जायची ती तयारी असते. आणि हात बर्फाच्या पाण्यात बुडवला की ते पुन्हा उसळतं. लाळेच्या थेंबातून हे मोजता येतं. साठांपैकी सत्तेचाळीस माणसांत सकाळची वाढ नव्हती आणि बर्फाने काही हललंही नाही. रामकलीने हात पाण्यात घातला आणि नळाखाली भांडं धरावं तशी बसून राहिली. तीन मिनिटं झाली तरी तिने तो काढला नाही. शेवटी सोनकलीनेच तो लालभडक झालेला हात धरून बाहेर काढला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत दाबून ठेवला.

उत्तर जुन्या ग्रंथांतही होतं. केसांच्या मोहात तिने तिकडे पाहिलं नव्हतं, एवढंच. धोक्याची घंटा वर्षानुवर्षं वाजत राहिली आणि पळायला जागाच नसली, तर मेंदू शेवटी ती घंटाच बंद करतो. कॉर्टिसोल कमी होतं, अगदी सुखी माणसाहूनही कमी. संकट संपलेलं नसतं, शरीराने त्याला उत्तर देणं सोडलेलं असतं. केस फक्त रेघ दाखवतो. ती शांत झाल्यामुळे खाली आली की विझल्यामुळे, हे केस सांगत नाही.

डॉ. देशमाने यांनी सगळं ऐकून घेतलं, सगळे आलेख पाहिले. त्यांनी ज्या शंका बोलून दाखवल्या त्या सगळ्या रास्त होत्या. एका गावातली साठ माणसं. सुखांक नव्वद हजार माणसांच्या केसांवर उभा आहे. लाळेची पद्धत मान्य करून घ्यायला किमान दोन वर्षं. आदेश दीड महिन्यात. मंडळापुढे सोनकलीचं टिपण त्या ठेवतील, नक्की ठेवतील.

"पण एक सांग," त्या म्हणाल्या. "जामुनझिऱ्यात गेल्या चार वर्षांत एकही बाळंतीण दगावली नाही. एकही बाळ नाही. तुमच्या डोंगरात किती गेली ते तुला माहीत आहे. त्यांना परत वर पाठवू का मी?"

सोनकली एवढंच म्हणाली, "मॅडम, त्यांनी नको म्हटलं होतं."

"लोक काय म्हणतात त्यावर जाऊ नका, हे आम्हाला तू शिकवलंस," देशमाने म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

टिपणावर मंडळाचा शेरा आला: नोंद घेतली.

त्या आठवड्यात रुईखेड्याचे नमुने यंत्रावर चढायचे होते; अधिकृत नोंदीआधी काही केस नुसते चाचणीला घालत. आईचा केस सोनकलीने स्वतः वाचला. आई आता पासष्टची होती, केस पांढरे आणि विरळ. दिवाळीपर्यंत रेघ ठीक होती. धान्य मिळत होतं, परिचारिका होती, गाव बरं चाललं होतं. कार्तिकातल्या एका आठवड्यापासून ती कड्यासारखी सरळ वर गेली होती. सोनकलीने शेजारच्या घरांचे केस पाहिले. सगळ्यांत तोच आठवडा. तिने तारीख ताडून बघितली. त्या आठवड्यात मंडळाची गाडी गावात गेली होती आणि घरं मोजून गेली होती. गाव उठणार अशी कुणकुण तेव्हा लागली होती.

म्हणजे गाव दुःखी होतं ते उठवणार या धास्तीने, आणि ते दुःख मोजून त्याला उठवायचं ठरत होतं. जितकं घाबरतील तितका सुखांक पडेल, आणि जितका पडेल तितकं उठवणं योग्य ठरेल. तिच्या यंत्रात काही चूक नव्हती. ते जे वाचायला बनवलं होतं तेच वाचत होतं.

दुपारचे तीन वाजले होते, प्रयोगशाळेत सगळे हजर होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. नमुन्यांवर नावं नसत, नुसत्या आकड्यांच्या पट्ट्या असत; कोणता आकडा कुणाचा ही यादी प्रमुख म्हणून फक्त तिच्याकडे होती. केसातून डीएनए तपासायचा नाही हा नियम लोकांचं खाजगीपण जपायला तिनेच आग्रहाने घालून घेतला होता. शीतकपाटात जामुनझिऱ्याच्या केसांचे राखीव नमुने होते. सोनकलीने रुईखेड्याचे एकशे बारा नमुने बाजूला काढले आणि त्यांच्या पट्ट्या जामुनझिऱ्याच्या केसांवर चिकटवल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तिला चहा हवा का विचारलं. ती हो म्हणाली.

बाकीच्या तेहतीस गावांसाठी तिच्याकडे काही नव्हतं. तेवढे केसच नव्हते.

चैत्रात रुईखेडा हिरवं झालं. यादीतून नाव गेलं. भावाने, शोभारामने, फोन करून सांगितलं की गावाने मुठवा देवाला नारळ फोडला, आणि माय किती वर्षांनी नाचली. सोनकलीने फोन ठेवला आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आदेश आपोआप निघत. हिरव्या गावाला ज्येष्ठ ते श्रावणाचं जादा धान्य लागत नाही, म्हणून ते बंद झालं. हिरव्या गावाला पूर्णवेळ परिचारिका लागत नाही, म्हणून तिची नेमणूक डोंगरापलीकडच्या एका लाल गावात झाली. सोनकलीने दोन्ही आदेश थांबवायचा खटाटोप केला. खालच्या अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, कारण काय लिहू? गाव तर जिल्ह्यात दुसऱ्या क्रमांकाचं सुखी आहे. कारण एकच होतं आणि ते सांगितलं असतं तर गाव पुन्हा यादीत गेलं असतं. ती स्वतः दोनदा गाडीत पोती भरून घेऊन गेली. साठ घरांना ती कितीशी पुरणार.

श्रावणात शोभारामची बायको फुलवंती बाळंतपणात अडली. नाला भरून वाहत होता. झोळी करून तिला चौघांनी सहा तास खांद्यावरून दवाखान्याकडे नेलं. फुलवंती वाचली, रस्त्यात जन्मलेली मुलगी तिथेच गेली.

सोनकली पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. शोभाराम कुडाच्या भिंतीला टेकून बसला होता. ती त्याच्याजवळ बसली. त्याने तिला सांगितलं की नर्सबाई असती तर झालं असतं काही, पण बाईंनाही वरून हुकूम असतो, त्यांचा काय दोष. मग म्हणाला, आपलं गाव राहिलं हेच पुष्कळ. सोनकलीने तेव्हाच सांगायला हवं होतं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

त्या वर्षात यादीतली नऊ गावं खाली आली. उरलेली वाट बघत राहिली. हिरव्या गावांचीही दर माघात फेरमोजणी ठरलेली होती, म्हणून रुईखेडाही वाट बघत राहिलं. गाडीचा आवाज आला की बायका पोरांना आत घेत. मोहाची फुलं वेचायला दूरच्या रानात कोणी जाईनासं झालं. आपण गेलो आणि मागे गाव मोजून गेले तर? शोभारामने शेताचा बांध घातला नाही. पुढच्या साली आपण असू की नसू, म्हणाला.

माघात पुन्हा केस आले. सोनकलीने शीतकपाटातून जामुनझिऱ्याचे नमुने काढून टेबलावर ठेवले. आधी तिने रुईखेड्याचे खरे केस यंत्रावर घातले, काय झाकायचं आहे ते कळावं म्हणून.

पावसाळ्यापर्यंत रेघा उंच होत्या. भाद्रपदानंतर त्या उतरू लागल्या होत्या. पौषात सपाट झाल्या होत्या. शोभारामची, फुलवंतीची, आईची. एकशे बारांपैकी शहाण्णव. जामुनझिऱ्याला इथवर यायला पाच वर्षं लागली होती.

तिला या वेळी केस बदलावे लागले नाहीत. सुखांक आपोआप हिरवा आला. आजूबाजूची वाट बघणारी गावंही एकेक करून हिरवी होत होती, आणि मंडळात समाधान होतं. डॉ. देशमाने यांनी तिला बोलावून सांगितलं की ही पद्धत आता आणखी सात राज्यं घेणार आहेत. त्या आनंदात होत्या. सोनकलीने त्यांच्यापुढे दोन पानांचा कबुलीजबाब ठेवला, सहीनिशी. त्यात पट्ट्या बदलल्याचं होतं, लाळेच्या तपासणीचे आकडे होते, सगळं होतं. देशमाने यांनी तो उभ्यानेच वाचला. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की हे मी मंडळापुढे ठेवलं तर तुझी नोकरी जाईल, कदाचित अटकही होईल, आणि सुखांकाला काही होणार नाही. एका गावाचा एका वर्षाचा आकडा रद्द होईल, आणि या वर्षीचा तर खराच आहे. सोनकली म्हणाली, ठेवा. मग ती बसने रुईखेड्याला गेली.

तिने सभा बोलावली. सकाळी दहाला, मुठव्याच्या दगडाशेजारच्या मोहाखाली, सगळं गाव आलं. सोनकली कोरकूत बोलली. तिने काही लपवलं नाही. तुमच्या केसांच्या जागी मी दुसऱ्यांचे केस ठेवले. म्हणून गाव राहिलं. म्हणूनच धान्य बंद झालं, नर्सबाई गेली. शोभारामची मुलगी त्यामुळे गेली. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. हे सगळं जिथून सुरू झालं ते वाक्य माझं होतं. मी लिहिलं होतं की तुमचं बोलणं धरू नये.

बोलताना तिने पाय घट्ट रोवले होते. शोभाराम उठून अंगावर येईल, फुलवंती किंचाळेल, कोणीतरी दगड उचलेल, असं तिला वाटत होतं. ते व्हावं अशीच तिची इच्छा होती.

शोभाराम जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. त्याने मान हलवली. फुलवंती तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग आईने विचारलं, "जेवून जाशील ना?"

एकेकजण उठू लागला. तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. झनकी काकी, सत्तरी उलटलेली, गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिने मंडळाला आजवर एकही केस दिला नव्हता. माणसांना कोपराने बाजूला सारत ती पुढे आली आणि तिने सोनकलीच्या थोबाडीत मारली. मग दंड धरून तिला गदागदा हलवत ती शिव्या देऊ लागली. तिला, तिच्या शिक्षणाला, केस कापायला येणाऱ्यांना, खाली मान घालून उठून चाललेल्या गावाला. त्या पोरीचं नाव तरी ठेवलं होतं का रे, असं ती शोभारामवर ओरडली, आणि मग स्वतःच रडायला लागली.

सोनकलीचा गाल हुळहुळत होता. तिने म्हातारीचा हात सोडवून घेतला नाही.

"अजून बोल, काकी," ती म्हणाली.

मोहाखाली त्या सकाळी पावणेदोनशे माणसं होती. ओरडत होती ती एकटी.